मराठवाड्यातून समुद्राला जाताना किनारा कसा निवडावा: माणसं, तिथी आणि मग नकाशा

नांदेड, लातूर, परभणी किंवा संभाजीनगरहून कोकण गाठायचं म्हणजे एका बाजूचे दहा-बारा तास जातात. चुकीचा किनारा पदरात पडला, तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाला जाऊ असं म्हणणं सोपं नसतं. मध्ये खाडी आडवी येते, घाट आडवा येतो, आणि आजीचे गुडघे तोवर बोलायला लागलेले असतात. म्हणून मोबाईलवर फोटो बघून जागा ठरवण्याआधी एक यादी करा: गाडीत कोण कोण आहे, त्यातले पाण्यात कोण उतरणार, आणि उतरणारा कुठवर जाणार? घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत? किनाऱ्याची निवड याच उत्तरावर ठरते. निळं पाणी, नारळाची रांग, ड्रोनने काढलेला व्हिडिओ या गोष्टी त्यानंतर बघा.

पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, ओळखायची कशी

कोकणातल्या किनाऱ्यांचे आपल्या कामापुरते दोन प्रकार पडतात. पहिला सपाट, बारीक आणि बहुधा काळसर-करड्या वाळूचा. ओहोटीला पाणी लांब मागे जातं, ओली वाळू घट्ट बसते आणि तिच्यावर चप्पल न रुतता चालता येतं. लाटा आत लांबवर फुटतात आणि पायाशी येईपर्यंत त्यांचा जोर मोडलेला असतो. अलिबाग, नागाव, दिवेआगर, श्रीवर्धन, दापोलीजवळचं मुरूड-कर्दे हे साधारण या जातीचे.

दुसरा उतरता, जाड आणि बहुधा फिकट वाळूचा. जाड वाळूत पाणी झिरपतं, म्हणून तिचा ढीग उभा राहू शकतो आणि किनारा तीव्र उताराचा होतो. इथे लाट आत फुटत नाही, एकदम काठाशी येऊन आदळते आणि तेवढ्याच जोराने मागे खेचते. चार पावलं टाकली की पाणी गुडघ्यावरून छातीला येतं. काशीद, आरे-वारे, भोगवे हे दिसायला फार देखणे. फोटोत हेच जास्त दिसतात, आणि पोहता न येणाऱ्यांना हेच जास्त धोक्याचे.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर पाच मिनिटं पाण्यापासून लांब उभं राहून लाट कुठे फुटते ते बघा. काठापासून तीस-चाळीस पावलं आत पांढरा फेस दिसत असेल आणि पाणी पसरत येत असेल, तर उतार सौम्य आहे. लाट काठावरच धप्पकन पडत असेल, तर त्या जागी लहान मुलांना पाण्यात सोडू नका. टाच वाळूत रोवून बघा. कोरड्या वाळूत टाच खोल जाणारच, पण ओल्या वाळूतही घोट्यापर्यंत रुतत असेल, तर म्हाताऱ्या माणसांना तिथे चालवत नेऊ नका.

आणखी एक खूण नजरेत बसवून घ्या. लाटांच्या पांढऱ्या ओळीत मध्येच एखादी शांत, गडद पट्टी दिसते. तिथे लाट फुटत नाही. नवख्या माणसाला वाटतं, ही जागा बरी, इथे लाटा नाहीत. खरं म्हणजे काठावर आलेलं पाणी त्याच वाटेने समुद्रात परत चाललेलं असतं. फेस किंवा पालापाचोळा त्या पट्टीतून आत जाताना दिसला, तर शंकाच उरत नाही. तिच्यापासून दोन्ही बाजूंना भरपूर अंतर ठेवा. नदी किंवा ओढा समुद्राला मिळतो त्या तोंडाशी आणि खडकाच्या कडेलाही अशीच ओढ असते.

घरच्या कॅलेंडरवर भरती-ओहोटी

समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, त्यामुळे रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी असतेच, तिच्यावरून अंदाज काढता येतो. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणा आणि चाराने भागा. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, सकाळची आणि रात्रीचीही. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती, आणि त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे नऊ-सव्वानऊ. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराच्या आसपास. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासूनच मोजायचं. हा अंदाज तासभर इकडेतिकडे होऊ शकतो, आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती रायगडपेक्षा अर्धा-पाऊण तास आधी येते. अचूक वेळेसाठी निघायच्या आदल्या रात्री त्या गावाचं भरतीचं वेळापत्रक मोबाईलवर बघून घ्या. पण सुट्टी कोणत्या आठवड्यात टाकायची हे ठरवायला कॅलेंडर पुरतं.

कारण रोजची भरती सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे दोन-तीन दिवस पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ही चढ-उतार सगळ्यात कमी असते, ती भांग. उत्तरेकडे मुंबई-अलिबाग भागात उधाणाला पाणी चार मीटरच्या वर खालीवर होतं, दक्षिणेला मालवणकडे साधारण दोन-अडीच मीटर. पाणी जितकं जास्त हलतं तितकी ओढ जास्त. चांदणं बघायला म्हणून पौर्णिमेला जाणारे पुष्कळ असतात. चांदणं जरूर बघा, पण संध्याकाळच्या आंघोळीला तो दिवस वाईट. दुपारी बारापासून सूर्यास्तापर्यंत पाणी सतत उतरत असतं आणि उतरतं पाणी माणसाला सोबत नेतं.

लहान मुलं बरोबर असतील तर सप्तमी ते दशमी हे दिवस धरा. चढ-उतार कमी, आणि सप्तमी-अष्टमीला दुपारी बारा-साडेबारापासून पाच-सहापर्यंत पाणी हळूहळू वर येत असतं. म्हणजे ऊन उतरल्यावर, चार वाजता, मुलं काठाशी खेळतात तेव्हा पाणी भरतं असतं. नवमी-दशमीला ही वेळ तास-दीड तासाने पुढे जाते.

याचा अर्थ भांगाच्या दिवशी समुद्र निर्धास्त असतो असा मात्र नाही. 1 फेब्रुवारी 2016 ला रायगडच्या मुरूडला पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. तेव्हा पौष कृष्णातली अष्टमी-नवमी होती, म्हणजे भांगाचेच दिवस. तिथी चांगली असली तरी कमरेच्या पुढे न जाण्याचा नियम सुटत नाही.

आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र असतील तर

मराठवाड्यातून निघणाऱ्या बहुतेक गाड्यांत हेच मंडळ असतं, म्हणून याचं उत्तर नीट पाहू.

पहिली पसंती श्रीवर्धन किंवा दिवेआगर. श्रीवर्धनला किनाऱ्यालगत बांधलेला रस्ता आणि बसायला कट्टे आहेत. ज्यांना वाळूत चालवत नाही ते गाडीतून उतरून चार पावलांवर बसून समुद्र बघू शकतात. दिवेआगरची पुळण सरळ, सपाट आणि सुमारे चार किलोमीटर लांब आहे. मागे सुरूचं बन, त्यामागे नारळ-सुपारीच्या वाड्या आणि त्या वाड्यांतच राहण्याची घरं. दिवेआगरला राहून श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर एका दिवसात होतात, त्यामुळे सामान रोज बांधावं लागत नाही. वयस्क माणसांसाठी हे फार मोलाचं आहे.

गुडघेदुखी असलेल्यांना किनाऱ्यावर नेताना कोरड्या वाळूचा पट्टा सगळ्यात अवघड जातो. ओली वाळू घट्ट असते, पण तिथपर्यंत पोहोचायला तीस-चाळीस मीटर मऊ वाळू तुडवावी लागते. प्लास्टिकची हलकी खुर्ची सोबत घ्या आणि मध्यावर एकदा बसवा. ओहोटी संपून पाणी वर चढायला लागण्याची वेळ धरली, तर ओला पट्टा रुंद मिळतो आणि चालणं सोपं होतं.

मुलांसाठी मर्यादा एकच: पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंत आणि मोठ्या माणसाचा हात मुलाच्या मनगटावर. बोटं धरली तर ओल्या हातातून निसटतात. मोठ्या माणसाने समुद्राकडे तोंड करून उभं राहावं. हवा भरलेली ट्यूब आणि प्लास्टिकचं बदक तलावात ठीक. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे कामाला येतं. पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्या वेळी ट्यूबवर बसलेलं मूल बघता बघता आत सरकतं, आणि लाटा शांत असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

बायकांच्या कपड्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. साडी भिजली की जड होते, निऱ्या पायात गुंडाळतात आणि लाटेने पडलेल्या बाईला उठता येत नाही. नऊवारी असो की सहावारी, गुडघाभर पाण्यातही हे होतं. ओढणीचंही तेच. पाण्यात उतरायचं असेल तर लेगिंग किंवा ट्रॅक पँट आणि अंगाबरोबरचा कुडता घाला. साडीच नेसायची असेल तर घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहा, तेवढ्यात पाय भिजवण्याचं समाधान मिळतं.

विहिरीत पोहायला शिकलेले

आपल्याकडे पोहणं म्हणजे विहीर, बारव, फार तर गोदावरीचं पात्र. कठड्यावरून सूर मारणारा पट्टीचा पोहणारा समुद्रावर गेला की तोच सगळ्यात आत जातो. विहिरीचं पाणी जागेवर असतं आणि चार हात मारले की काठ लागतो. समुद्रात तुम्ही थांबलात तरी पाणी थांबत नाही. लाटेच्या तालावर श्वास घ्यावा लागतो, खारं पाणी नाकातोंडात गेलं की दम तुटतो, आणि परत फिरताना समोरचा किनारा तितकाच लांब दिसत राहतो. दहा-वीस मिनिटं सलग पोहण्याची सवय नसेल, तर विहिरीतलं कौशल्य समुद्रात धरू नका.

तरुणांच्या टोळीला कर्दे-मुरूड किंवा मालवण-तारकर्ली बरं. कर्द्याला सकाळी होडीतून डॉल्फिन बघायला नेतात. लवकर निघालं तर समुद्र शांत मिळतो. तिथून हर्णै जवळ आहे. बंदरावर दुपारनंतर होड्या लागल्या की मासळीचा लिलाव सुरू होतो. नुसता बघण्यासाठीही जावं असा तो असतो.

मालवणला पाण्याखाली जाण्याची, म्हणजे स्कूबाची सोय आहे आणि पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक धरून नेतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गढूळ पाण्यात हाताचं बोट दिसणार नाही आणि पैसे वाया गेल्यासारखं वाटेल. सर्दी, कानाचा त्रास, दमा, हृदयविकार किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर उतरू नका. सर्दीत कानातला दाब मोकळा होत नाही आणि काही फूट खाली गेल्याबरोबर कान फुटल्यासारखा ठणकतो. उतरण्याआधी काठावर तोंडाने श्वास घेण्याचा सराव आणि हाताच्या खुणा शिकवल्या जातात का ते बघा. ते न करता थेट होडीत बसवत असतील, तर दुसरीकडे जा. जेवल्यावर दोन तास थांबा, नाहीतर होडी हलल्यावर सगळं बाहेर येतं.

मे महिन्याच्या अखेरीस प्रवासी होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात, ते ऑगस्टअखेरपर्यंत. जंजिरा आणि सिंधुदुर्ग किल्ल्यांच्या होड्याही त्यात आल्या. जून-जुलैमध्ये मासेमारीलाही बंदी असते. ताजी सुरमई खायला म्हणून जुलैत जाणाऱ्याला बर्फातली मिळते.

देवदर्शन आणि समुद्र एकत्र करायचे असतील तर

गणपतीपुळे सगळ्यांच्या तोंडी आहे. देऊळ अगदी समुद्राला लागून, दर्शन झालं की पायऱ्या उतरून वाळू. पण तिथलं पाणी आंघोळीचं नाही. ओढ जबर आहे आणि बुडण्याच्या घटना वारंवार होतात. संकष्टीला, त्यातही अंगारकीला गर्दी सगळ्यात जास्त. आता वरचा हिशोब लावून बघा. चतुर्थीची भरती दुपारी अडीच-तीनला. सकाळी रांग, दुपारी महाप्रसाद, आणि मंडळी तीन-चारला पाण्याकडे वळतात, नेमकं तेव्हाच पाणी उतरायला लागलेलं असतं. पौर्णिमा होऊन तीन-चारच दिवस झालेले असल्याने उधाणाचा जोरही पुरता ओसरलेला नसतो. पोट भरलेलं, पाणी मागे खेचणारं आणि गर्दीत कोण कुठे आहे ते कळत नाही. म्हणून गणपतीपुळ्याला दर्शन घ्या, डोंगराभोवतीची प्रदक्षिणा करा, पाय भिजवा आणि डुंबण्याचा विचार सोडा. मुलांना खेळायचंच असेल तर संकष्टी सोडून दुसरा दिवस धरा आणि सुरक्षारक्षक उभे असतील त्यांच्या समोरच थांबा.

हरिहरेश्वरला काळभैरव आणि शंकराचं दर्शन घेऊन डोंगराभोवतीच्या प्रदक्षिणेला जातात. ही वाट खडकावरून, थेट समुद्राच्या कडेने आहे. भरतीला ती पाण्याखाली जाते आणि खडकावर अचानक मोठी लाट येते. देवळाजवळ वेळ विचारूनच निघा आणि पाणी उतरत असतानाच प्रदक्षिणा संपवा. शेवाळलेल्या खडकावर चामड्याची चप्पल घसरते, रबरी तळाची घाला.

गर्दी नको असेल तर देवगडजवळचं कुणकेश्वर. देऊळ समुद्राच्या काठावर आणि महाशिवरात्र सोडली तर निवांत. गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन, लांबलचक रिकामी पुळण आणि वाडीतलं घरगुती जेवण मिळतं. शुद्ध शाकाहारी मंडळींनी दिवेआगर, गुहागर, गणपतीपुळे यांतलं एक धरावं. खाणावळीत आधी सांगितलं तर मोदक मिळतात. ज्वारीची भाकरी मात्र विसरा, तिथे तांदळाची असते. आजोबांना तिच्याशिवाय चालत नसेल तर दोन दिवसांचं पीठ बरोबर न्या. घरगुती मुक्कामात बहुधा थापून देतात.

निवांतपणा हवा असलेली जोडपी

वेळणेश्वर, भोगवे, निवती, शिरोडा-वेळागर. सोमवार ते गुरुवार जा आणि पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊ नका, कारण मदतीला हाक मारायला तिथे माणूस नसतो. 25 डिसेंबर ते 1 जानेवारी यांतलं एकही ठिकाण निवांत राहत नाही.

शाळेची सहल

सहलीसाठी किनारा एकच निवडा आणि त्या दिवशी भरती किती वाजता आहे ते वेळापत्रकात लिहून पालकांनाही द्या. अलिबागला कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन बघता येतो. मुलांना समुद्र आणि इतिहास दोन्ही मिळतात. त्यासाठी तृतीया ते पंचमीची सकाळ चांगली, कारण ओहोटी साधारण आठ ते दहाच्या दरम्यान येते आणि पाणी भरपूर उतरतं. पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत काठावर या. किल्ल्यात रेंगाळणारे अडकतात, कारण पाणी समोरून येत नाही. आधी सखल जागा भरतात आणि परतीची वाट मध्येच तुटते.

मुलांना पाण्यात सोडताना दहा-दहाची टोळी, प्रत्येक टोळीवर एक शिक्षक, आणि तो शिक्षक पाण्यात मुलांच्या पुढे, समुद्राच्या बाजूला. सगळे शिक्षक काठावर उभे राहून शिट्टी वाजवत असतील तर उपयोग नाही. पंधरा मिनिटांनी सगळ्यांना बाहेर काढून मोजा. मोजणी जुळल्याशिवाय दुसरी टोळी आत जाणार नाही.

कासवं बघायला

मंडणगड तालुक्यातलं वेळास आणि दापोलीचं आंजर्ले इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडण्याचा काळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. घरट्यांना जाळी लावून राखण करतात आणि सकाळी-संध्याकाळी पिल्लं समुद्रात सोडतात. पण अमुक दिवशी पिल्लं निघतीलच असं कुणी सांगू शकत नाही. गावात मुक्कामाला घरं आहेत, फोन करून आठवड्याचा अंदाज विचारा आणि दोन रात्री थांबा. पिल्लू हातात घेऊ नका, फ्लॅश मारू नका. हरिहरेश्वरहून जायचं तर बागमांडले-वेसवी फेरीबोटीत गाडी घालून पलीकडे जाता येतं. खाडीला वळसा घालण्याचे कित्येक किलोमीटर वाचतात.

कोणत्या जिल्ह्यातून कुठे

नांदेड, लातूर, धाराशिव, तसंच परभणी-हिंगोलीचा दक्षिण भाग यांना रत्नागिरी-सिंधुदुर्ग सोयीचं. नागपूर-रत्नागिरी महामार्ग नांदेड, औसा, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा जातो आणि आंबा घाटाने रत्नागिरीत उतरतो. लातूरहून गणपतीपुळे पाचशे किलोमीटरच्या घरात आहे. एका दमात जाऊ नका. कोल्हापूरला मुक्काम करा, अंबाबाईचं दर्शन होतं आणि घाट उजेडात उतरता येतो. मालवणला जायचं तर कोल्हापूरहून गगनबावडा किंवा फोंडा घाट.

संभाजीनगर, जालना आणि बीडकरांना रायगड जवळ. अहिल्यानगर-पुणे करून ताम्हिणी घाटाने माणगाव, तिथून दिवेआगर-श्रीवर्धन. अलिबागसाठी जालना-संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाने भिवंडीकडे उतरून पनवेल-पेणमार्गे जाता येतं. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. रेल्वेने जाणाऱ्यांनी ठाण्याला गाडी बदलायची. तिथून कोकण रेल्वेने रत्नागिरी, कणकवली किंवा कुडाळ. दोन गाड्यांमध्ये किमान तीन तास ठेवा.

नकाशात गाव टाकताना तालुका तपासा. मुरूड रायगडात आहे, दापोलीजवळ आहे आणि आपल्या लातूर जिल्ह्यातही आहे. चुकीचं मुरूड निवडून खोली आरक्षित करणारे दरवर्षी निघतात.

सपाट रानातली माणसं घाटात हमखास ओकतात. घाट सुरू होण्याआधी तेलकट खाऊ देऊ नका, त्रास होणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवा, मोबाईल बघू देऊ नका आणि काच थोडी खाली ठेवा. तोंडात आवळा सुपारी किंवा आलं.

हवेचं गणितही वेगळं आहे. आपलं 42 अंशांचं ऊन कोरडं, सावलीत गेलं की बरं वाटतं. कोकणात 33 अंशांनाही घाम वाळत नाही आणि माणूस गळून जातो. मे महिन्यात वयस्कांना नेत असाल तर अकरा ते चार घरात ठेवा आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी अधूनमधून देत राहा.

खोली घेताना फोनवर हे विचारा: समुद्र चालत किती मिनिटं आणि मध्ये रस्ता ओलांडावा लागतो का, खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, आंघोळीचं पाणी गोडं आहे का? "सी व्ह्यू" म्हणजे गच्चीवरून दिसणारी निळी रेघ असू शकते. आज काढलेला फोटो मागून घ्या.

गाडी वाळूत नेऊ नका. नेलीच आणि रुतली, तर ॲक्सिलेटर दाबत राहू नका, चाक आणखी खाली जातं. चारही टायरची हवा निम्म्यावर, सोळा-अठरा पौंडावर आणा, चाकापुढची वाळू काढा, पायपुसणी किंवा झावळ्या घाला आणि हळू मागे घ्या. भरती चढत असेल तर आधी माणसं आणि सामान बाहेर काढा. परत आल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पत्रा गंजतो.

काही झालंच तर

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दम तिथेच संपतो. पाठीवर तरंगा, एक हात वर करून हाक मारा आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्टीबाहेर पडा. मग लाटांसोबत तिरपं काठाकडे या.

दुसरा बुडताना दिसला तर मागोमाग उडी टाकू नका. एकाला वाचवताना तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या येतात त्या याच चुकीमुळे. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन आणि वीस-पंचवीस मीटर दोरी पिशवीत ठेवा. कॅनच्या मुठीला दोरी बांधून फेकता येते आणि तो कॅन माणसाला धरून ठेवतो. 112 ला फोन करा. तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आहे.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरून गरगर फिरवणं, पोटावर दाबून पाणी काढणं हे आपल्याकडे विहिरीवर करतात. करू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं श्वासनलिकेत जातं. श्वास नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने आधी सावकाश श्वास द्या, मग छातीच्या मधोमध जोराने तीस वेळा दाबा, पुन्हा दोन श्वास. 108 ची गाडी येईपर्यंत थांबू नका. तो शुद्धीवर येऊन बोलायला लागला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं, आणि तोवर तुम्ही घाटात असता.